ताटावरचा गूळ

"हं, हेमा. आज चांगलं काय झालं?"

अण्णांनी गुळाची वाटी माझ्यापुढं सरकवली. ताटात गरम भाकरी होती, आमटीची वाफ नाकात जात होती, पण गूळ तोंडात पडल्याशिवाय घास मोडायचा नाही, हा आमच्या घरचा कायदा. चिमूटभर गूळ घ्यायचा, दिवसभरातलं एक चांगलं सांगायचं, आणि मगच जेवायचं. वाईट काही घडलं असेल तर ते ताटावर आणायचं नाही.

"परड्यातला पेरू गोड निघाला," मी म्हणाले.

"बघ! आन् हितं लोक म्हणत्यात, सुख कुठं हाय. परड्यात हाय की!" अण्णा खूश झाले. वाटी आईकडं गेली.

"दूध उतू गेलं न्हाई," आई म्हणाली.

"हे तू परवा बी सांगितलंवतंस."

"परवा बी न्हवतं गेलं."

अण्णा हसले. हसले की त्यांच्या भुवयांतलं पीठ हलायचं. दिवसभर गिरणीत उभा राहणारा माणूस. कितीही हातपाय धुतले तरी भुवयांत आणि कानांच्या पाळ्यांत पीठ राहायचंच. त्यांनी स्वतः गूळ घेतला आणि म्हणाले, "माझं चांगलं हे, की पोरगी पंचमीला आली, हसतखेळत राहिली. आता उद्याचा दिवस गेला की परवा सकाळी पुण्याच्या गाडीत बसवतो. जावईबापूंचा खोळंबा नको व्हायला."

मी मान हलवली आणि घास तोंडात घातला. तो गिळेपर्यंत आईची अर्धी भाकरी संपली. मला परवा पुण्याला जायचं नव्हतं. जायचं नव्हतं म्हणजे जाता येणार नव्हतं. ज्या घरी अण्णा मला पाठवायला निघाले होते, त्या घरात आता माझ्या जागी दुसरी बाई राहत होती, आणि हे तासगावात माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण त्या जेवणातल्या माझ्या खोट्या हसण्याची आठवण झाली की अजूनही कानशिलं तापतात.

आधी अण्णांबद्दल सांगायला हवं, नाहीतर ते तुम्हाला जुलमी वाटतील. तसे ते अजिबात नव्हते. आमची, म्हणजे शिंत्र्यांची गिरणी हे पेठेतलं हसरं ठिकाण. दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला ते नावानं हाक मारायचे, तिच्या पोराची चौकशी करायचे, पीठ बारीक हवं की जाडसर हे तिनं न सांगता ओळखायचे. भिंतीवर त्यांनी लाल रंगात स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'येथे रडगाणे दळून मिळणार नाही.' बाया वाचून हसायच्या आणि खरंच, गिरणीत सासूची तक्रार करायला कुणी धजायचं नाही. संध्याकाळी घरी आले की उंबऱ्याबाहेर उभे राहून अण्णा सदरा फटाफट झटकायचे. म्हणायचे, "दिवसाचं पीठ बाहेरच झटकावं. घरात नेऊ न्हाई."

गुळाची वाटीही त्यांचीच. त्यांच्या लहानपणी आजोबांच्या घरात जेवण शांतपणे झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. कुणीतरी काहीतरी काढायचं आणि ताट अंगणात जाऊन पडायचं. लग्न झाल्यावर पहिल्याच दिवशी अण्णांनी आईला सांगितलं, माझ्या घरात ताटावर गोडच बोलायचं. आणि तसं झालं. आमच्या घरात मी कधी चढा आवाज ऐकला नाही. पुढं शेजाऱ्यांनी ही वाटीची रीत उचलली, मग महिला मंडळानं अण्णांना बोलावलं, 'घर आनंदी कसे ठेवावे' या विषयावर. अण्णा धुतलेली टोपी घालून गेले आणि नारळ घेऊन परत आले. गिरणीवाल्याचं भाषण, पण बायांनी पदर डोळ्याला लावला म्हणे.

आणखी एक. जातं सुरू झालं की अण्णांचे ओठ हलायचे. मोटार घरघरतेय, पट्टा फिरतोय, वरून ज्वारी पडतेय आणि अण्णा डोळे अर्धवट मिटून काहीतरी पुटपुटतायत. बाया एकमेकींना दाखवायच्या, "बघ, नाम चाललंय." पेठेत त्यांना अर्धा साधूच समजत. मलाही तसंच वाटायचं.

अशा घरात वाढलेली मुलगी पुण्याला नांदायला गेली. हडपसरला दोन खोल्या. नवरा संदेश एका कंपनीत सुपरवायझर. मी सकाळी लवकर उठायची, दारात पाणी शिंपडायची, हसऱ्या चेहऱ्यानं डबा द्यायची. संध्याकाळी ताटावर गुळाची वाटी ठेवायची. पहिले काही दिवस तो हसला. मग म्हणाला, "हे तुझ्या बापाचं गिरणीतलं नाटक इथं नको." मी वाटी ठेवणं बंद केलं, पण गूळ मनातल्या मनात खायची. आज तो ओरडला नाही, हे चांगलं झालं. आज तो लवकर आला, हे चांगलं झालं. तो यायचाच बंद झाला तेव्हा, आज तो नाही तर भाजी माझ्या आवडीची करता आली, असंही चांगलं मी शोधून काढलं.

पंचमीच्या आदल्या आठवड्यात तो एका बाईला घेऊन घरी आला. कंपनीतली. त्यानं तिची पिशवी माझ्या कपाटापाशी ठेवली आणि मला म्हणाला, "ही आता इथंच राहणार. तू सणाला जातेच आहेस ना? तर मग सगळं घेऊनच जा." आवाज अगदी साधा. जणू भाजी आणायला सांगत होता.

त्यानंतर मी काय केलं, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

दुसऱ्या दिवशी स्वारगेटवरून एसटीत बसले. बॅग इतकी जड, की कंडक्टर म्हणाला, "ताई, घर हलवलं काय?"

माहेरी पंचमी साजरी झाली. मी मेंदी लावली, झोक्यावर बसले, फेरात नाचले. मैत्रिणी नवऱ्याचं नाव घ्यायला लावत होत्या आणि मी घेत होते, उखाण्यात, लाजून. लाज खरी होती, कारण फक्त वेगळं होतं. रोज संध्याकाळी गुळाची वाटी यायची आणि मी एक चांगलं सांगायची. मेंदी रंगली. झोका उंच गेला. पेरू गोड निघाला. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगावं. पण अण्णांच्या पिठानं भरलेल्या भुवया वर झालेल्या असायच्या, माझ्या तोंडातून गोड काय निघतंय ते ऐकायला. त्या माणसापुढं ती घाण कशी वाढायची?

जेवण झालं तेव्हा हातात एकच दिवस उरला होता.

सकाळी आई रव्याचे लाडू वळत बसली, माझ्या सासरी द्यायचे म्हणून. मी शेजारी बसून लाडू वळू लागले. माझा एकही धड होईना.

"आई, एक सांगायचंय."

आईचा हात क्षणभर थांबला. मग पुन्हा फिरू लागला. "चांगलं असलं तर रात्री ताटावर सांग. अण्णांना बरं वाटंल."

"आणि चांगलं नसलं तर?"

आई माझ्याकडं बघेना. परातीतला रवा उगाच सारखा करत राहिली. "उद्या जायचंय तुला," ती म्हणाली. "जाताना कशाला काय काढतीस? बाईमाणसाला थोडं सोसावं लागतं सुरुवातीला. मग होतं सगळं सरळ."

एवढं म्हणून ती उठली, आत गेली आणि माझे वाळलेले कपडे घेऊन आली. बॅगेत भरू लागली. साड्या भरल्या. मग तिच्या हाताला बॅगेच्या तळातला माझा लोकरीचा स्वेटर लागला. तिनं तो बाहेर काढला, मांडीवर ठेवला. श्रावणात, चार दिवसांच्या सणाला आलेल्या मुलीच्या बॅगेत स्वेटर. तिनं त्याच्यावरून एकदा हात फिरवला आणि पुन्हा तळाशी ठेवून दिला.

"अण्णांचा चहा घेऊन जातीस?" ती म्हणाली. "दुपारी गिरणीवर गर्दी असती."

गर्दी असायचीच. त्या वर्षी भारनियमन होतं. लाईट सकाळी जायची, संध्याकाळी जायची. दुपारची मात्र हमखास असायची. त्यामुळं सगळी पेठ दुपारी दळायला यायची. मी चहाची किटली घेऊन पोचले तेव्हा डब्यांची रांग उंबऱ्यापर्यंत आली होती. सात-आठ बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांत शेवंतामावशी होती, जिला पेठेत सगळे रेडिओ म्हणत. तिला कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत वरच्या वेशीला पोचलेली असायची.

गिरणीत शिरलं की आवाज नुसता कानात जात नाही, दातांत जातो. बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं, नाहीतर खुणा करायच्या. मी अण्णांना किटली दाखवली. त्यांनी हातानं 'थांब' केलं आणि कुणाचीतरी ज्वारी वर ओतली. मी त्यांच्या शेजारी, जात्याकडं तोंड करून उभी राहिले. अण्णांचे ओठ हलत होते.

लहानपणी मी आणि माझी चुलतबहीण याच जागी उभ्या राहून शिव्या द्यायचो. शाळेत ऐकलेल्या सगळ्या, मोठ्यांदा. शेजारच्या माणसालाही ऐकू जायच्या नाहीत. खूप मजा वाटायची. ती आठवण झाली आणि माझ्या तोंडातून नकळत निघालं, "अण्णा, मी उद्या जाणार नाही."

अण्णा ज्वारीकडं बघत होते. त्यांना काही कळलं नाही. मलाही माझा आवाज ऐकू आला नाही.

"मला जायला जागाच नाही," मी म्हणाले. अण्णांनी पडणारं पीठ चिमटीत धरून पाहिलं, बारीक येतंय का ते. "त्यानं दुसरी आणलीय, अण्णा. घरात आणून ठेवलीय."

बोलले, आणि आभाळ कोसळलं नाही. मग मला थांबताच येईना. मी वर्षभराचं सगळं बोलू लागले. नवऱ्यानं गुळाची वाटी कशी मोरीत फेकली ते. सासू फोनवर काय म्हणाली ते. आवाज वाढत गेला, डोळे आपोआप मिटले, आणि मी त्या घरघराटात मनापासून ओरडू लागले. छातीवरचा दगड कुणी उचलावा तसं मोकळं वाटत होतं. आणि जे कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, तेही मी सांगू लागले.

गिरणी एकदम गप्प होत नाही. मोटार आधी बंद पडते, पट्टा थोडा वेळ फटफटत राहतो, जातं हळूहळू दम सोडतं. गिरणीवाल्याच्या पोरीला ते झोपेतही कळायला हवं. पण मी डोळे मिटून ओरडत होते.

"आणि मी काय केलं माहितेय? मी हसले! पाहुणीसारखं बसवलं मी तिला! मी तिला चहा करून दिला, अण्णा! माझ्या हातानं! साखर किती घालू विचारलं मी तिला!"

शेवटचं वाक्य पत्र्याच्या छपराला लागून परत आलं. मी डोळे उघडले. दिवा गेला होता. जातं थांबलं होतं. पिठाची धूळ तेवढी हवेत तरंगत होती, आणि बाहेरच्या कावळ्याचं ओरडणंसुद्धा स्पष्ट ऐकू येत होतं.

मी वळले नाही. वळायची गरजच नव्हती, पाठीवर सात-आठ जणींची नजर कळत होती. डोळ्यांसमोर लाल अक्षरं होती, 'येथे रडगाणे दळून मिळणार नाही.' धरणीनं पोटात घ्यावं असं लोक म्हणतात, ते का म्हणतात ते मला त्या घटकेला कळलं. नवऱ्यानं टाकल्याची लाज होतीच. पण तिला साखर विचारणारी मी, ती आता पेठेत सगळ्यांना दिसली होती. अण्णांना दिसली होती.

अण्णांच्या एका हातात चहाचा कप होता. कधी ओतून घेतला होता कोण जाणे. ते कपातल्या चहाकडं बघत होते.

मग शेवंतामावशी उठली. तिच्या डब्यातली ज्वारी अर्धी दळून झालेली, अर्धी अजून वर तशीच होती.

"चला गं," ती बाकीच्यांना म्हणाली. "लाईट काय आता येत न्हाई. डबे ऱ्हाऊ द्यात हितंच." आणि कोंबड्या हाकाव्यात तशी तिनं सगळ्यांना बाहेर काढलं. तिनं ते माझी दया येऊन केलं की बातमी शिळी होऊ नये म्हणून, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मी अण्णांकडं बघितलं. वाटलं, आता ते काहीतरी बोलतील. रागावतील, जवळ घेतील, काहीही. त्यांनी कप हळूच डब्यावर ठेवला आणि म्हणाले, "घरी जा."

एवढंच. मी गेले. तोंडावर पीठ आणि त्यात आसवांचे ओघळ, अशी भर दुपारी पेठेतून चालत गेले. दारादारांत बाया होत्या. कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आईनं मला पाहिलं आणि लाडवांचा डबा बाजूला सारला. मी तिला सांगितलं, आता सांगायला राहिलंच काय होतं. ती ऐकत राहिली आणि मध्येच म्हणाली, "स्वेटर बघितला तवाच कळलं मला." मग पदर तोंडात धरून रडू लागली. "आधी तुला थोडं सोस म्हटलं गं मी. आन् कळल्यावर बी बॅग भरतच राहिले."

मी तिच्या शेजारी बसले. दोघींनाही एकमेकींच्या तोंडाकडं बघवेना.

थोड्या वेळानं वरचा पंखा फिरू लागला. लाईट आली होती. आम्ही दोघींनी एकाच वेळी कान दिला. गिरणी घरापासून चार घरं टाकून. चालू झाली की आमच्या फळीवरची भांडी थरथरायची. भांडी गप्प होती.

"आत्ता लावतील," आई म्हणाली.

लावली नाही. पंखा फिरत राहिला. गल्लीतल्या कुणाचातरी टीव्ही लागला. माझ्या आठवणीत लाईट असताना, दळणाची रांग असताना गिरणी कधी बंद राहिली नव्हती. आजोबा गेले त्या दिवशीसुद्धा अण्णांनी संध्याकाळी पट्टा चढवला होता.

"जा बघू," आई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "पळ."

मी पळाले.

अण्णा गिरणीत ज्वारीच्या पोत्यावर बसले होते. टोपी मांडीवर. सगळे डबे रांगेत तसेच. मी दारात थांबले. त्यांनी वर पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. माझ्या बापाला मी पहिल्यांदाच खाली मान घालून बसलेलं पाहत होते.

"अण्णा, मला माफ करा," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर तुमची..."

"गप," ते म्हणाले. मग जात्याकडं बोट करून, "हितं तोंड करून का बोललीस? जात्याकडं?"

"तुम्हाला ऐकू जाणार नाही म्हणून."

"मला सांगायचं, पर मला ऐकू जाऊ न्हाई म्हणून." त्यांनी ते शब्द चावल्यासारखे सावकाश म्हटले. "मी बी त्येच करतोय की."

मला कळलं नाही.

"नाम बिम कुठलं घेतोय मी, हेमा. लोकं म्हणत्यात, मी म्हणू देतो. बाप माझा कसा वागला, ते सांगतो जात्याला. गिऱ्हाईक घरनंच कमी धान्य आणून माझ्यावर चोरीचा आळ घेतं, ते सांगतो. तुज्या आईचा कधी राग आला तर त्यो. घरात न्यायाचं न्हाई म्हणून सगळं हितं वततो. आन् उंबऱ्यात सदरा झटकला की मोकळा."

ते उठले. जात्यावर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

"तुज्या लग्नाच्या बोलणीला ती माणसं आलती. ताटावर बसली. आठवतंय?"

मला आठवत होतं. पाहुण्यांनाही गूळ चुकत नसे. अण्णांनी संदेशला विचारलं होतं, आज चांगलं काय झालं? तो म्हणाला होता, "तुमची मुलगी पसंत पडली." सगळी पंगत विरघळली होती. मी आतल्या खोलीत दाराआड उभी होते आणि त्या वाक्यावर मी पुढचं सगळं आयुष्य द्यायला तयार झाले होते.

"ते बोलताना त्यो तुज्या दाराकडं बघंल, लाजंल, आईकडं बघंल, असं मला वाटलं," अण्णा म्हणाले. "त्यानं माज्याकडं बघितलं. भाव जमल्यावर व्यापारी बघतो तसं. घास अडकला बघ माझा. दुसऱ्या दिवशी हितं आलो, जातं लावलं, आन् म्हटलं, ह्यो पोरगा मला पटत न्हाई. हेमीला देऊ न्हाई. लगीन लागंस्तोवर रोज म्हणत हुतो."

मी भिंतीला टेकले. भिंत अजून गरम होती.

"मग घरी का नाही बोललात?"

"ताटावर कसं बोलणार? नियम माजाच न्हवं का?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांतून निघालेलं पाणी पिठात मुरत होतं आणि गालावर चिकट झालं होतं. "रात्री घरी आलो, गूळ घेतला आन् म्हटलं, हेमीला ग्वाड स्थळ मिळालं. तुजी आई हसली. तू हसलीस. मला वाटलं, मीच वंगाळ बघतोय. जात्याला सांगितलं, पर पोरीला सांगितलं न्हाई. आन् तू त्या बाईला चहा दिलास, ते बी माजंच शिकवणं. पाहुणा आला की हसून बसवायचं."

"तसं नका म्हणू, अण्णा."

"म्हणू दे. आत्ता जातं बंद हाय."

मला रडू आलं, पण ते वेगळं होतं. मी त्यांच्याजवळ गेले आणि त्यांनी माझं डोकं छातीशी धरलं. सदऱ्यातलं पीठ माझ्या नाकात गेलं आणि मला शिंक आली. दोघंही थोडे हसलो आणि लगेच हसल्याची लाज वाटून थांबलो. मग त्यांनी टोपी घातली, पट्टा चढवला आणि शेवंतामावशीची उरलेली ज्वारी दळायला घेतली. मी डबे पुढं सरकवून द्यायला लागले. जातं फिरत होतं. अण्णांचे ओठ मिटलेले होते.

संध्याकाळी बाया डबे न्यायला आल्या. मी तिथंच होते. जाववत नव्हतं आणि थांबवतही नव्हतं, पण अण्णा म्हणाले, थांब, म्हणून थांबले. एकेक जण आली, डबा घेतला, मान खाली घालून गेली. एकीनं माझ्या मनगटाला हात लावला. शेवंतामावशी सगळ्यांत शेवटी आली. तिनं डबा उघडून पीठ चिमटीत घेतलं आणि म्हणाली, "निम्मं बारीक, निम्मं जाड आलंय गं." मग झाकण लावत, "चालतंय. भाकरी हुतीच."

घरी येताना अण्णा उंबऱ्यावर थांबले. सदरा झटकायला हात वर गेला आणि तसाच खाली आला. पिठासकट ते आत आले.

आईनं तीन ताटं वाढली होती. लाडवांचा डबा कुठं दिसत नव्हता. माझी बॅग कपाटावर चढवलेली होती, रिकामी. गुळाची वाटी मात्र सवयीनं मध्ये येऊन बसली होती. आईच्या ते लक्षात आलं आणि तिनं ती उचलायला हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले.

वाटी माझ्याकडं येईल म्हणून मी मान खाली घातली. त्या दिवशी मला कुठूनही, काहीही चांगलं सापडलं नसतं. आणि ते सापडत नाही हे सांगायचीही लाज वाटत होती. भाकरी निवत चालली होती.

अण्णांनी वाटी स्वतःकडं ओढली. गूळ घेतला. तो तोंडात न टाकता चिमटीत धरून ते बराच वेळ बसले, नवख्या पाहुण्यासारखे. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आज मी आधी सांगतो."

आई आणि मी थांबलो.

"आज दुपारी," अण्णा म्हणाले, "लाईट गेली."